गरोदरपणात कळलं हृदयाची झडप आकसलीय: बलून करावं का? (आणि ते २१ दिवसांचं इंजेक्शन)

वैजयंती_म

नमस्कार मंडळी, नेहमी इथे नुसती वाचून जाते, आज खरंच मदत हवीये म्हणून धागा काढतेय. माझी धाकटी जाऊ, वय २४, पहिलंच बाळंतपण, पाचवा महिना सरत आलाय. ते लोक मेहकरजवळ गावी असतात, आम्ही पुण्यात. चौथ्या महिन्यापासून तिला धाप लागत होती, आधी शेतातून येताना, मग नुसता केर काढला तरी, मग रात्री आडवं पडलं की खोकला सुरू आणि उठून बसलं की बरं. घरात सगळ्यांना वाटलं पहिलटकरीण आहे, होतं असं. तिकडे रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, खोकल्याचं औषध दिलं. गेल्या आठवड्यात मध्यरात्री श्वासच घेता येईना, खोकल्यातून गुलाबी फेस आला, तशीच गाडीत घालून संभाजीनगरला नेली. फुफ्फुसात पाणी भरलं होतं म्हणे. आता बरी आहे पण टू-डी एकोमधे मायट्रल झडप आकसलीय असं निघालं, तोंड फक्त ०.९ चौरस सेंमी उरलंय. डॉक्टर म्हणतात बलूनने झडप उघडू, पोटात बाळ असतानाच.

सासूबाई घाबरल्यात, एक्स-रे लागतो, बाळाला काही झालं तर? बाळंतपणानंतर केलं तर नाही का चालणार? २४ व्या वर्षी हार्टचा आजार येतोच कसा, ना बीपी ना शुगर ना कुणाला घरात अ‍ॅटॅक.

आणखी एक. तिच्या आईने काल रडत रडत सांगितलं की ती पाचवीत असताना ताप येऊन गुडघे घोटे सुजले होते, तेव्हापासून दर २१ दिवसांनी कमरेत इंजेक्शन घ्यायची आणि लग्न ठरलं तशी बंद केली. आम्हाला कुणाला काही माहीत नव्हतं. दीर फार चिडलेत.

डॉ_निशिगंध

वैजयंतीताई, बलून करून घ्या, बाळंतपणापर्यंत थांबू नका. हे पहिल्यांदा सांगतो, बाकीचं सावकाश.

का ते ऐका. मायट्रल झडप ही डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मधली, फुफ्फुसातून आलेलं शुद्ध रक्त तिच्यातून खाली उतरतं. निरोगी माणसात हे तोंड ४ ते ६ चौरस सेंमी असतं. दीडच्या खाली गेलं की तीव्र आकसलेली झडप म्हणायची आणि तुमच्या जाऊबाईंची एकच्याही खाली आहे. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढत जातं, २८ ते ३२ आठवड्यांपर्यंत ते जवळजवळ दीडपट होतं आणि ठोकेही वाढतात. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो, म्हणजे अरुंद तोंडातून जास्त रक्त कमी वेळात उतरायला हवं, ते उतरत नाही, मागे फुफ्फुसात तुंबतं. म्हणून तिला चौथ्या पाचव्या महिन्यात त्रास सुरू झाला, आधी नव्हता. अजून भार वाढायचाच आहे. आणि प्रसूती झाल्या झाल्या गर्भाशय आकसून त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, तो काळ सगळ्यात नाजूक. अशा बाया बाळंतपण सुखरूप होऊनही त्याच रात्री दगावलेल्या मी पाहिल्यात. त्यामुळे नंतर बघू हा पर्याय धरूच नका.

बलून म्हणजे चिरफाड नाही. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जातात आणि झडपेत फुगा क्षणभर फुगवतात. चिकटलेले कोपरे सुटतात. तेवढ्या जागेपुरतीच भूल देतात, पेशंट जागी असते. जपानच्या कान्जी इनोऊ यांनी १९८२ मधे हे पहिल्यांदा केलं, त्यांच्याच नावाचा फुगा आपल्याकडे सर्रास वापरतात. आपल्या देशात या आजाराचे पेशंट इतके आहेत की इथल्या डॉक्टरांचा या कामात हात चांगला बसलेला आहे. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर करणं बरं, तोवर बाळाचे अवयव तयार झालेले असतात. पोटावर शिशाचं आवरण घालतात, किरण कमीत कमी वापरतात. आईचा श्वास कोंडण्यात बाळाला जो धोका आहे त्यापुढे किरणांचा धोका फार थोडा.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा, डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी तर नाही ना आणि झडप गळत तर नाही ना. गुठळी असेल किंवा गळती बरीच असेल तर बलून करता येत नाही. त्यासाठी नळी गिळवून करतात तो एको लागेल, तो होऊ द्या.

आता आजार आला कसा. हा घशातून आलाय, संधिवाताचा ताप म्हणजे रुमॅटिक फीवर म्हणतात त्याला. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू लहान मुलांचा घसा धरतो, ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा जास्त. घसा चार दिवसांत बरा होतो, कुणाच्या लक्षातही राहात नाही. पण काही मुलांमधे शरीराने त्या जंतूविरुद्ध जी शस्त्रं तयार केली ती आपल्याच हृदयाच्या, सांध्यांच्या, मेंदूच्या पेशींवर चालून जातात, कारण जंतूच्या अंगावरची प्रथिनं आणि आपली प्रथिनं दिसायला सारखी. दोन ते चार आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे सुजतात, आज गुडघा तर परवा घोटा, मग मनगट. सांधे पूर्ण बरे होतात, तिथे खूण पण राहात नाही. हृदयाच्या झडपेवर मात्र राहते. जुने डॉक्टर म्हणायचे हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. आणि घसा पुन्हा धरला की पुन्हा चावतो, दर वेळी झडप थोडी जाड होते, कडा चिकटतात. ते २१ दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन घसा पुन्हा धरू नये यासाठीच होतं.

पांडुरंग_शेळके

डॉक्टरांनी छान समजावलं. पण मी एक विचारतो, राग मानू नका, मुलीकडच्यांनी एवढी गोष्ट लपवायला नको होती. दिराचा राग चुकीचा नाही. आज त्या पोरीच्या जिवावर बेतलं ते लपवल्यामुळेच ना.

सिस्टर_रेखा

पांडुरंगदादा, लपवलं ते वाईट झालं, कबूल. पण मी बीड जिल्ह्यात आरोग्य केंद्रात नोकरी करते आणि या पोरींची इंजेक्शनं माझ्या हातून जातात म्हणून बोलते. दर महिन्याला सरकारी दवाखान्यात जाणारी पोरगी गावाच्या नजरेत भरते, बायका विचारतात काय झालंय हो तिला, आणि हृदयाचं म्हणलं की संपलं, त्या घरात कुणी पाहुणा येत नाही. पोराला हाच आजार असला तर त्याचं लग्न अडत नाही, त्याचं इंजेक्शन पण बंद होत नाही. मी आयांना कितीदा सांगितलं की झडप थोडीच खराब असली आणि इंजेक्शन नियमित असलं तर पोरगी संसार करते, मुलंबाळं होतात, सांगून लग्न करा. ऐकतात, मान हलवतात, आणि साखरपुडा झाला की पोरगी येणं बंद. फोन केला तर म्हणतात सिस्टर आता बरी आहे ती. राग धरायचा तर त्या रिवाजावर धरा, त्या आईला आता दोष देऊन काय मिळणार, ती लेकीच्या उशाशी बसलीय.

दुसरं आमच्याकडचं दुखणं म्हणजे ऊसतोड. दिवाळी झाली की आईबापाबरोबर लेकरं कारखान्यावर, एका कोपीत सात आठ माणसं, थंडी, धूर, एकाचा घसा धरला की सगळ्यांचा. इंजेक्शनची तारीख पडते तेव्हा पोरगं सांगली कोल्हापूर नायतर कर्नाटकात. मी कार्ड करून देते, बरोबर पावडरची बाटली पण देते आणि सांगते जवळच्या दवाखान्यात टोचून घ्या. तिथे कुणी टोचायला धजत नाही, रिअ‍ॅक्शन येईल म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास परत आलं की चार तारखा चुकलेल्या असतात.

मुकुंद_ऑकलंड

रेखाताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण अगदी हेच इथे पाहतोय. मी दक्षिण ऑकलंडमधे एका शाळेत काम करतो. न्यूझीलंडसारख्या श्रीमंत देशात हा आजार अजून आहे आणि तो जवळजवळ सगळा माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या मुलांत. कारण तेच, लहान ओलसर घर आणि त्यात दोन तीन कुटुंबं. सरकारने २०११ पासून मोहीम घेतली, शाळेतच नर्स येते, घसा दुखतोय म्हणलं की कापसाच्या काडीने नमुना घेते, जंतू निघाला की औषध फुकट. ज्यांना ताप येऊन गेलाय त्यांना दर २८ दिवसांनी इंजेक्शन, नर्स स्वतः शाळेत नाहीतर घरी जाऊन देते, मूल शाळा सोडून गेलं तरी त्याचा पाठपुरावा करतात. इंजेक्शनमधे बधिर करायचं औषध थोडं मिसळतात म्हणजे कमी दुखतं. घरं कोरडी आणि उबदार करून द्यायचीही योजना आहे, जाड पडदे, पलंग, इन्सुलेशन. युरोपात सुद्धा हा आजार पेनिसिलिन यायच्या आधीपासून ओसरत होता, घरं सुधारली आणि गर्दी कमी झाली तसा.

इतकं करूनही इथे तो संपलेला नाही, हे पण सांगायला हवं.

सिस्टर_रेखा

घरी जाऊन देतात? आमच्याकडे एका सिस्टरकडे पाच पाच गावं. पण बधिर करायचं औषध मिसळतात हे वाचून बरं वाटलं, डॉक्टर आपल्याकडे चालेल का?

डॉ_निशिगंध

चालतं. लिग्नोकेन मिसळून देता येतं, तुमच्या मेडिकल ऑफिसरांशी बोलून घ्या. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दोन तीन मिनिटं लावून सावकाश द्या, मुलाला उपाशीपोटी आणि उभं असताना देऊ नका.

रिअ‍ॅक्शनच्या भीतीबद्दल लिहितो कारण या भीतीने फार नुकसान केलंय. १९९१ मधे अनेक देशांतल्या अशा पेशंटांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, ३२ हजारांवर इंजेक्शनं, त्यात जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी चौघांना, म्हणजे दहा हजार इंजेक्शनांमागे एखादी. टेस्ट करून, अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवून, नंतर अर्धा तास बसवून ठेवून द्यायचं. हां, ज्यांची झडप फारच खराब आहे, पाय सुजलेत, बसल्या जागी धाप आहे, त्यांना इंजेक्शनच्या वेदनेने आणि भीतीने ठोके एकदम मंदावून त्रास होऊ शकतो. २०२२ मधे अमेरिकन हार्ट असोसिएशनने याबद्दल सल्ला दिला की अशा पेशंटना तोंडाने गोळ्या द्याव्यात. त्यामुळे वैजयंतीताई, जाऊबाईंचं इंजेक्शन पुन्हा सुरू करायचंच आहे, पण केव्हा ते तिथले कार्डिओलॉजिस्ट ठरवतील, बहुतेक बलून होऊन स्थिर झाल्यावर. पेनिसिलिन गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चालतं.

अरुण_काका

मी स्वतः या रस्त्याने गेलेलो आहे म्हणून लिहितो. वय ६१, मुक्काम सातारा. माझ्याही लहानपणी सांधे धरले होते, वडील गिरणीत, लालबागला दहा बाय बाराची खोली आणि आम्ही नऊ माणसं. इंजेक्शन वगैरे कुणी सांगितलंच नाही. पस्तिशीत झडप आकसलेली पण आणि गळणारी पण निघाली, बलून होण्यासारखी नव्हती म्हणून बदलली. माझ्यात चित्रा व्हॉल्व आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या इंजिनियर मंडळींनी तयार केलेली आपल्या देशातली झडप, १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसात बसवली. त्याआधी त्यांचे किती तरी नमुने फेल गेले होते, तरी सोडलं नाही. परदेशी झडप तेव्हा आमच्यासारख्याला झेपणारीच नव्हती. तिची चकती प्लॅस्टिकची आहे त्यामुळे आवाज कमी, रात्री उशीला कान लावला की बारीक टिकटिक येते एवढंच. माझ्या पत्नीला तो आवाज आला की झोप लागते.

पण झडप बसली म्हणजे सुटलो असं नाही हे तरुण मंडळींनी समजून घ्या. यांत्रिक झडपेवर रक्त गोठतं म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. माझी अ‍ॅसिट्रोम, कुणाची वॉर्फ. महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, तपासायचा, मायट्रलच्या यांत्रिक झडपेला तो अडीच ते साडेतीनमधे हवा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. रोज संध्याकाळी एका वेळेला गोळी घेतो, कॅलेंडरवर खूण करतो. पालेभाजीचं लोक विचारतात, मेथी पालक शेपू बंद करायची गरज नाही पण आठवडाभर काही नाही आणि मग एकदम तीन दिवस मेथीचीच भाजी असं करायचं नाही. दात काढायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसतात, त्यासाठी तासभर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने गुडघेदुखीसाठी कुणाकडून तरी पुड्या आणल्या, आयएनआर आठच्या वर गेला, मेंदूत रक्तस्राव होऊन गेले.

ऋता_पै

काका, फार उपयोगी लिहिलंत. मी गोव्याहून, माझ्या आईला पण हाच आजार, झडप बदललेली नाही पण ठोके अनियमित झालेत आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. रक्त तपासायला मडगावला न्यावं लागतं, सारखं सारखं नेणं जमत नाही. एका मेडिकलवाल्याने सांगितलं आता नवीन गोळ्या आल्यात, त्यांना आयएनआर लागत नाही. त्या घेता येतील का? आणि अर्जुनाची साल, लसूण याने झडप मोकळी होते असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ते खरं का?

डॉ_निशिगंध

ऋताताई, नवीन गोळी आईंना सुरू करू नका. बाकी लोकांच्या अनियमित ठोक्यांना त्या गोळ्या उत्तम आहेत, पण संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्यांचा वेगळा अभ्यास झाला, इन्व्हिक्टस नावाचा, २४ देशांत, साडेचार हजारांवर पेशंट, २०२२ मधे निकाल आला. नवीन गोळीवाल्या गटात मृत्यू जास्त झाले, जुनी गोळी सरस ठरली. यांत्रिक झडप असणाऱ्यांना तर त्या मुळीच द्यायच्या नाहीत, तसा एक प्रयोग आधीच गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यामुळे मधेच थांबवावा लागला होता. रक्त घरी येऊन नेणारी लॅब मिळते का बघा, बोटातून थेंब घेऊन आयएनआर सांगणारं छोटं मशीनही मिळतं.

अर्जुनसाल आणि लसणाचं म्हणाल तर चिकटलेली, चुना बसलेली झडप कुठल्याच औषधाने उघडत नाही, अ‍ॅलोपथीच्या सुद्धा नाही. आम्ही लॅसिक्स देतो ते तुंबलेलं पाणी काढायला, ठोके मंदावायच्या गोळ्या देतो त्या झडपेतून रक्त उतरायला वेळ मिळावा म्हणून. झडप उघडायची तर बलून किंवा ऑपरेशन. आणि लसणाच्या कॅप्सूल, काढे, चूर्णं रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर घेतली तर आयएनआर हलतो, म्हणून आईंना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका. जेवणातल्या फोडणीतला लसूण चालेल.

गुरुजी_नंदुरबार

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, एक सांगावंसं वाटतं. तिसरीतली एक मुलगी, अक्षर सुंदर होतं, ते महिनाभरात इतकं बिघडलं की ओळ सरळ येईना. हातातून पेन्सिल पडायची, बसल्या बसल्या खांदा उडायचा, तोंड वेडंवाकडं व्हायचं, बाकीची पोरं हसायची. घरच्यांना बाहेरची बाधा वाटली. शाळेच्या तपासणीला सरकारी पथक येतं त्यातल्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर ओळखलं, छातीला नळी लावली आणि जिल्ह्याला पाठवलं. म्हणाले हा पण त्याच तापाचाच प्रकार, मेंदूवर झालेला. हात पाय उडणं काही आठवड्यांत थांबलं पण एकोमधे झडपेला गळती निघाली. तिचं इंजेक्शन चालू आहे, तारीख मी वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. शिक्षकांनी हे लक्षात ठेवा, चांगल्या मुलाचं अक्षर एकाएकी बिघडलं आणि ते चुळबुळ करायला लागलं तर मारू नका, डॉक्टरला दाखवा.

डॉ_निशिगंध

गुरुजी, तुम्ही त्या मुलीसाठी करताय तेवढं मोठ्या दवाखान्यातून आमच्याकडून होत नाही. तुम्ही लिहिलंत त्याला कोरिया म्हणतात. त्यात सांधे धरलेले नसतात, ताप नसतो, घसा कधीचाच बरा झालेला असतो, म्हणून चुकतं.

पांडुरंग_शेळके

डॉक्टर, मग मुळात घसा धरला तेव्हाच औषध दिलं तर हे सगळं टळतं का? आणि इंजेक्शन घ्यायचं तरी किती वर्षं? जन्मभर म्हणजे कुणीही कंटाळेल हो.

डॉ_निशिगंध

टळतं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तरी हा ताप सहसा येत नाही. अडचण अशी की प्रत्येक दुखऱ्या घशामागे हा जंतू नसतो, बहुतेक वेळा साधा व्हायरल असतो. खोकला, वाहणारं नाक, बसलेला आवाज असेल तर बहुधा व्हायरल. शेंबूड खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरं, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, गिळताना पाणी सुद्धा दुखतं, अशा मुलाला दाखवा. आणि दहा दिवसांचं औषध दिलं तर दहा दिवस द्या, तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं म्हणून बाटली ठेवून देऊ नका.

किती वर्षं याचं उत्तर झडपेवर अवलंबून. हृदयाला काहीच झालं नसेल तर पाच वर्षं किंवा १८ वर्षांचं होईपर्यंत, यातलं जे जास्त ते. हृदयाला थोडा मार बसून बरा झाला असेल तर दहा वर्षं किंवा पंचविशीपर्यंत. झडप चांगलीच खराब झाली असेल, बलून किंवा ऑपरेशन झालं असेल, तर चाळिशीपर्यंत आणि बरेचदा जन्मभर. बलून झालं आता इंजेक्शन कशाला असं म्हणून फार जण सोडतात. झडप तीच असते, पुन्हा ताप आला तर पुन्हा आकसते. क्युबात पिनार देल रियो प्रांतात १९८६ पासून दहा वर्षं हे नेटाने केलं, शाळा, दवाखाने, घरोघरी माहिती, नोंदवही, आणि तापाचे रुग्ण फार कमी झाले. त्यात महाग असं काही नव्हतं.

वैजयंती_म

मंडळी, बलून झालं. गिळायच्या नळीच्या एकोत गुठळी निघाली नाही. पोटाला पुढून मागून शिशाचं गुंडाळलं होतं, ती पूर्ण जागी होती, म्हणाली झडप उघडली तसं छातीवरचं ओझं उतरल्यासारखं एकदम हलकं वाटलं. तोंड आता १.७ झालंय, थोडी गळती आहे पण चालण्यासारखी म्हणाले. लगेच सोनोग्राफी केली, बाळाचे ठोके छान. त्या रात्री ती आडवी झोपली. महात्मा फुले योजनेत बसलं, तिथल्या आरोग्यमित्रांनी कागद करून दिले, घरातून फार खर्च आला नाही, कुणाला गरज असेल तर आधी त्यांना भेटा.

दिरांशी मी बोलले. रेखाताईंचं लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तिच्या आईला म्हणाले की सातव्या महिन्यात तुम्ही नेऊ नका, इथेच राहू दे, जवळ मोठा दवाखाना आहे, तुम्हीच या राहायला.

आता विचारायचंय, बाळंतपण सिझेरियनच करावं लागेल का? आणि इंजेक्शनच्या तारखा कोण बघणार, गावातल्या केंद्रात पेनिसिलिन नसतंच बहुतेक वेळा.

डॉ_निशिगंध

फार आनंद झाला. आधीचा एखादा एको तुलनेला असता तर बरं झालं असतं, पण आता हा एको जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक वेळी तोच बरोबर न्या.

सिझेरियन झडपेसाठी म्हणून लागत नाही, नॉर्मल होऊ शकतं आणि तेच बरं. शेवटी कळ काढताना तिला फार जोर लावू द्यायचा नाही, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून मदत करतात. फक्त ठिकाण असं हवं जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर दोघं आहेत. सलाइन मोजून द्यायचं, आणि प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबवायला देतात ते मेथर्जिन हिला शक्यतो द्यायचं नाही, आजाराची माहिती फाइलवर पहिल्याच पानावर लाल अक्षरात लिहून घ्या. प्रसूतीनंतर दोन तीन दिवस तरी दवाखान्यात ठेवा. पुढचं मूल कधी, पाळणा कसा लांबवायचा हे सुद्धा निघायच्या आधी विचारा, सगळ्या गर्भनिरोधक गोळ्या हिला चालणार नाहीत.

सिस्टर_रेखा

वैजयंतीताई, डोळ्यात पाणी आलं हो वाचून. तारखांचं असं करा, कार्ड दोन करा, एक तिच्याकडे एक दिरांकडे. गावच्या आशाताईंना सांगून ठेवा, त्यांच्या वहीत नाव गेलं की त्या आठवण करतात. पेनिसिलिनचं खरं आहे, स्वस्त औषध आहे, बनवणारे थोडे, त्यामुळे मधेमधे मिळत नाही. तालुक्याच्या मेडिकलवाल्याला आधी सांगून दोन बाटल्या पुढच्या ठेवायला लावा, पावडर असते, टिकते. २१ व्या दिवशी सण असला तर एक दिवस आधी घ्या, नंतर नको. आणि टोचायला कुणी नाही म्हणलं तर मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची, त्यावर डोस १२ लाख युनिट असा लिहिलेला हवा.

सुमेध_अकोला

मी हा धागा काल रात्रीपासून वाचतोय. माझा पुतण्या ९ वर्षांचा, पंधरा एक दिवसांपूर्वी घसा धरला होता, औषध काही आणलं नव्हतं. परवापासून ताप आहे, काल उजवा गुडघा सुजला होता, आज सकाळी तो उतरला आणि डावा घोटा सुजलाय, टेकवू देत नाही. वहिनी म्हणते खेळताना मुरगळला असेल, दुखायची गोळी देते. थांबू का एखाद दिवस?

डॉ_निशिगंध

थांबू नका. सूज एका सांध्यातून दुसऱ्यात जातेय ते मुरगळल्याने होत नाही. दुखायची गोळी आत्ता देऊ नका, तिने सूज पटकन उतरते आणि निदान चुकतं, तापाला पॅरासिटामॉल चालेल. आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या, घसा धरला होता हे स्वतःहून सांगा, घशाचा नमुना, रक्तातला एएसओ, सीआरपी, ईसीजी आणि टू-डी एको करायला सांगतील. छातीत आवाज नसला तरी एको कराच. त्याच्या घरात दुसरी लहान मुलं असतील तर त्यांचेही घसे दाखवून घ्या.